उभी, आडवी आणि रिकामी बाटली

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना दारूच्या बाटलीच्या दोन अवस्था चांगल्या परिचयाच्या आहेत. एक उभी आणि दुसरी आडवी. गावातले वा वॉर्डातले दारूचे दुकान राहावे की जावे यासाठी जे मतदान होते, त्यात उभी बाटली ही दुकानाच्या बाजूची खूण आणि आडवी बाटली ही दुकानाविरुद्धची. ही आडवी बाटली निवडून आणण्यासाठी खेड्यापाड्यांतील स्त्रियांनी जे लढे दिले, ते परिवर्तनाच्या चळवळीचा अभिमानाचा भाग आहेत. परंतु त्याच बाटलीला आणखी एक अवस्था आहे आणि तिच्याकडे चळवळीने अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही. ती अवस्था म्हणजे रिकामी बाटली. नाल्यात अडकलेली, शेताच्या बांधावर फुटलेली, किल्ल्याच्या पायथ्याशी आणि धरणाच्या काठी साचलेली.

या रिकाम्या बाटलीचा प्रश्न हा पिणाऱ्याच्या बेशिस्तीचा प्रश्न आहे, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ही समजूत अपुरी आहे, एवढेच नव्हे तर ती दिशाभूल करणारी आहे. बाटली उघड्यावर पडते त्यापूर्वीच अर्थव्यवहाराने तिला बेवारस केलेले असते. ती परत घेण्याची जबाबदारी ज्याने अंगावरून झटकली त्याचा नफा वाढतो, आणि ती उचलण्याचा भार ज्याच्यावर पडतो त्याच्या हातात काचेचा तुकडा घुसतो. म्हणून हा प्रश्न स्वच्छतेचा जेवढा आहे तेवढाच, किंबहुना त्याहून अधिक, मालकीचा आणि जबाबदारीचा आहे.

प्रथम एका रास्त आक्षेपाचा विचार केला पाहिजे. समाजवादी चळवळीला दारूबंदीची दीर्घ परंपरा आहे. भारतीय राज्यघटनेचे ४७ वे कलम मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचे मार्गदर्शक तत्त्व सांगते. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. या पार्श्वभूमीवर कोणी विचारील, की ज्या व्यवसायाचा संकोच व्हावा अशी इच्छा आहे, त्याच्या वेष्टनाची चिंता कशाला वाहायची? बाटलीचा प्रश्न सोडवणे म्हणजे या धंद्याला स्वच्छतेचे प्रशस्तिपत्र देणे नव्हे काय?

याचे उत्तर असे की, बाटली परत घेण्याची सक्ती ही धंद्याला दिलेली सवलत नसून धंद्यावर टाकलेला भार आहे. आज दारूची जी किंमत बाजारात ठरते तीत उद्ध्वस्त झालेल्या संसारांचा खर्च धरलेला नसतो, तसाच साचलेल्या काचेचाही धरलेला नसतो. यांपैकी निदान दुसरा खर्च तरी वसूल करता येण्याजोगा आहे. तो वसूल करायचा नाही, कारण पहिला अद्याप वसूल होत नाही, या युक्तिवादाचा लाभ अखेर उत्पादकालाच मिळतो. आडव्या बाटलीसाठीचा लढा आणि रिकाम्या बाटलीचा लढा हे परस्परविरोधी नाहीत. दोन्हींचा रोख एकाच दिशेने आहे.

आता हे वेष्टन बेवारस कसे झाले ते पाहू. पन्नाशी-साठी उलटलेल्या कोणालाही आठवेल, की काचेची बाटली ही मुळात फेकून देण्याची वस्तू नव्हती. मुंबईत आरेच्या दुधाची बाटली रिकामी करून, विसळून केंद्रावर परत नेण्याचा घरोघर परिपाठ होता. गोटी सोड्याची बाटली तर दुकानातून हलतच नसे. गिऱ्हाइकाने सोडा प्यावा आणि बाटली ठेवून जावे. गिऱ्हाईक विकत घेई ते पेय. बाटली उत्पादकाचीच राही आणि फिरून त्याच्याकडे जाई. भारतातील बिअरची ६५० मिलिलिटरची तपकिरी बाटली हीसुद्धा अशीच फिरणारी बाटली आहे. भंगारवाला, बाटल्यांचा व्यापारी, धुण्याची जागा आणि पुन्हा मद्यनिर्मितीचा कारखाना अशी तिची साखळी कोणत्याही शासकीय योजनेवाचून अनेक दशके चालत आली. या साखळीत काम करणाऱ्या हजारो हातांना कोणी पर्यावरणरक्षक म्हटले नाही. त्यांना भंगारवाले म्हटले गेले.

ही व्यवस्था मोडण्याचे काम प्रथम अमेरिकेत झाले आणि तो इतिहास उद्बोधक आहे. १९३५ साली बिअर पत्र्याच्या डब्यातून विकायला आली. दुसऱ्या महायुद्धानंतर एकदाच वापरायच्या डब्यांचा आणि बाटल्यांचा प्रसार झपाट्याने झाला. उत्पादकाच्या दृष्टीने यातील सोय उघड होती. बाटल्या परत आणण्याचा, साठवण्याचा, धुण्याचा खर्च वाचला. स्थानिक बाटलीभरणीची केंद्रे बंद करून मोठ्या मध्यवर्ती कारखान्यातून दूरवर माल पाठवता येऊ लागला. लहान मद्यनिर्माते मागे पडले. रस्त्याच्या कडेला मात्र काचेचा आणि पत्र्याचा खच साचू लागला. व्हरमाँट राज्यातील शेतकऱ्यांनी तक्रार केली, की गवतात फेकलेल्या बाटल्यांमुळे गुरांना इजा होते. त्यावर १९५३ मध्ये त्या राज्याने परत न घेतल्या जाणाऱ्या बिअरच्या बाटल्यांवर बंदी घातली. हा कायदा १९५७ मध्ये मुदत संपून लयाला गेला. उद्योगाच्या विरोधापुढे त्याचे पुनरुज्जीवन झाले नाही.

त्याच १९५३ सालात डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या व भरणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था स्थापन झाली. कचरा हा माणसांच्या वाईट सवयींतून निर्माण होतो आणि सवयी बदलल्या की तो नाहीसा होईल, ही तिच्या प्रचाराची मध्यवर्ती शिकवण होती. कचरा टाकणारा बेजबाबदार ठरला आणि कचरा ठरणारी वस्तू कोट्यवधींच्या संख्येने निर्माण करणारा स्वच्छतेचा उपदेशक ठरला. जबाबदारीचे असे स्थानांतर भांडवली व्यवहारात नवे नाही. कामगार अपघातात सापडला तर तो निष्काळजी, शेतकरी कर्जात बुडाला तर तो उधळ्या, आणि नदी बाटल्यांनी भरली तर नागरिक अस्वच्छ! व्यवस्था तेवढी निर्दोष.

या उपदेशाला पहिले परिणामकारक उत्तर ऑरेगॉन राज्याने दिले. १९७१ मध्ये तेथे बिअर व शीतपेयांच्या बाटल्या-डब्यांवर परत मिळणारी ठेव सक्तीची करणारा कायदा झाला आणि १९७२ मध्ये तो अमलात आला. ठेव होती अवघी ५ सेंट. तेथील शासकीय आकडेवारीनुसार १९७१ मध्ये रस्त्याकडेच्या कचऱ्यात पेयांच्या बाटल्या-डब्यांचे प्रमाण ४० टक्के होते, ते १९७९ पर्यंत सुमारे ६ टक्क्यांवर आले. आठ वर्षांत ऑरेगॉनच्या नागरिकांचे चारित्र्य पालटले, असे यावरून कोणी म्हणणार नाही. पालटली ती बाटलीची किंमत. रिकाम्या बाटलीला मोल आले आणि ती रस्त्यावरून नाहीशी झाली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आश्चर्य वाटू नये. १९२० साली ए. सी. पिगू यांनी ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावत मांडली. १९५० मध्ये के. विल्यम काप यांनी ‘द सोशल कॉस्ट्स ऑफ प्रायव्हेट एंटरप्राइझ’ या ग्रंथात त्यापुढचे पाऊल टाकले. काप यांच्या मते ही तफावत बाजाराच्या कार्यातील किरकोळ बिघाड नव्हे. स्वतःचा खर्च समाजावर, विशेषतः दुर्बलांवर, ढकलणे हे खासगी उद्योगाच्या कार्यपद्धतीतच अंतर्भूत आहे. रिकामी बाटली हे या सिद्धान्ताचे उत्तम उदाहरण होय. ती परत न घेतल्याने कंपनीचे जे वाचते तेच नगरपालिकेचा झाडू खाते, शेतकऱ्याचा बैल लंगडतो आणि कचरा वेचणाऱ्या स्त्रीचा हात चिरतो.

ही सर्व चर्चा परदेशातील अनुभवापुरती राहिली असती, तर ती पुस्तकी ठरली असती. पण भारतातच गेल्या काही वर्षांत एक महत्त्वाचा प्रयोग झाला आहे. तो तामिळनाडूतील निलगिरी जिल्ह्यातला.

तामिळनाडूत दारूच्या विक्रीसाठी ‘टास्मॅक’ नावाचे सरकारी महामंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले आणि २००३ पासून किरकोळ विक्रीची मक्तेदारीही त्याच्याकडे आली. म्हणजे राज्यात वैध मार्गाने दारूची जी बाटली दुकानातून विकली जाते ती सरकारच विकते. निलगिरी हा डोंगराळ, जंगलांचा आणि हत्तींच्या वाटांचा प्रदेश. तेथे येणारे पर्यटक रिकाम्या बाटल्या जंगलात भिरकावून देत. फुटलेल्या काचेवर हत्तीचा पाय पडला की जखम चिघळते, आणि एवढ्या अवजड प्राण्याला पायाची जखम म्हणजे अनेकदा मृत्यूच. वनरक्षणाच्या प्रकरणांची सुनावणी चालू असताना मद्रास उच्च न्यायालयासमोर हा प्रश्न आला. न्यायालयाच्या आदेशानुसार १५ मे २०२२ पासून निलगिरीत प्रत्येक बाटलीमागे १० रुपये अधिक घ्यायचे आणि बाटली परत आणल्यावर ते परत द्यायचे, अशी योजना सुरू झाली. व्हरमाँटमधील गाय आणि निलगिरीतील हत्ती यांच्यात जवळजवळ सत्तर वर्षांचे अंतर आहे. काच तीच आहे.

योजनेचा परिणाम लवकरच दिसू लागला. विकलेल्या बाटल्यांपैकी बहुसंख्य बाटल्या दुकानात परत येऊ लागल्या. न्यायालयाने समाधान व्यक्त केले आणि पुढे टप्प्याटप्प्याने ती योजना तामिळनाडूच्या इतर जिल्ह्यांतही नेण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळच्या सरकारी मद्यविक्री महामंडळाने तिरुअनंतपुरम आणि कण्णूर या जिल्ह्यांतील काही दुकानांत बाटलीमागे २० रुपयांच्या ठेवीचा प्रयोग सुरू केला. गोव्याच्या सरकारने २०२४ मध्ये ठेव-परताव्याची योजना अधिसूचित केली.

येथपर्यंतचे चित्र आशादायक आहे. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने येथेच थांबता कामा नये. योजना यशस्वी झाली हे खरे. पण ती कोणाच्या श्रमावर यशस्वी झाली, हा प्रश्न त्याने विचारलाच पाहिजे.

टास्मॅकच्या दुकानांतील कर्मचारी २००३ पासून ठोक वेतनावर काम करीत आले. नियमित वेतनश्रेणी ही त्यांची जुनी मागणी. बाटल्या परत घेण्याची योजना आली तेव्हा तिचा बोजा त्यांच्याच शिरावर पडला. बाटलीवर खुणेचा कागद चिकटवायचा, विक्री करायची, परत आलेली बाटली तपासायची, पैसे मोजून द्यायचे, बाटल्या साठवायच्या. दुकाने अरुंद, बाटल्यांची दुर्गंधी, फुटलेल्या काचेचा धोका आणि त्यासाठी जादा माणूस नाही. साहजिकच कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी निदर्शने केली. त्यांना पर्यावरणाचे विरोधक ठरवणे सोपे आहे. पण ते खरे नव्हे. त्यांचा विरोध बाटली परत घेण्याला नव्हता, फुकट राबण्याला होता. जो खर्च कंपनीने समाजावर ढकलला होता तो शासनाने समाजाच्या अंगावरून काढून अल्पवेतनी कामगाराच्या अंगावर ठेवला. सामाजिक खर्च नाहीसा झाला नाही. त्याने केवळ खांदा बदलला.

दुसरा वर्ग कचरा वेचणाऱ्यांचा. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कचरा वेचणाऱ्यांची जी संघटना उभी राहिली तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे आहे. त्या नावात काच आहे. काच वेचणे ही रोजीरोटी आहे, आणि म्हणून काच वेचणाऱ्याला कामगाराचे हक्क आहेत, ही त्या संघटनेची भूमिका. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ पासून पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम घेतले. ठेवीची योजना आखताना या वर्गाचा विचार केला नाही, तर दोन प्रकारची हानी संभवते. मौल्यवान बाटली ग्राहकाकडूनच दुकानात गेली, की वेचणाऱ्याच्या पोत्यातून ती कमी होते. आणि परतावा केवळ त्याच दुकानात, खुणेचा कागद शाबूत असेल तरच, अशी अट घातली, तर रस्त्यात सापडलेली बाटली पोत्यात असूनही तिचे पैसे मिळत नाहीत. उलट, कोणीही, कोठेही, कितीही बाटल्या परत कराव्यात अशी मोकळीक असेल, तर तीच योजना वेचणाऱ्यांच्या मिळकतीत भर घालील. जो बाटली फेकतो त्याचे १० रुपये जो ती उचलतो त्याच्या हातात पडतील. एका नियमाच्या शब्दयोजनेवर हजारो कुटुंबांची चूल अवलंबून असते, हे योजना लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला कोणीतरी सांगावे लागते. ते काम कार्यकर्त्यांचे आहे.

आता एक अधिक मूलभूत मुद्दा. बाटली परत आली, पुढे काय? ती फोडून भट्टीत घातली तर काच पुन्हा तयार होते, हे खरे. भट्टीत १० टक्के जुनी काच मिसळली तर इंधनाची सुमारे अडीच ते तीन टक्के बचत होते. परंतु भट्टी सुमारे १५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावीच लागते. धुऊन पुन्हा भरणे हा मार्ग त्याहून कितीतरी काटकसरीचा, विशेषतः कारखाना फार दूर नसेल तेव्हा. येथे साध्या गणिताचा उपयोग होतो. दर फेरीत निम्म्याच बाटल्या परत आल्या, तर एक बाटली सरासरी २ वेळा भरली जाते. ९० टक्के परत आल्या तर १० वेळा. ९५ टक्के आल्या तर २० वेळा. परताव्याचे प्रमाण ९० वरून ९५ वर गेले की नव्या बाटल्यांची गरज निम्म्याने घटते. म्हणून शेवटच्या पाच-दहा टक्क्यांसाठी केलेले कष्ट वाया जात नाहीत.

पण पुन्हा भरण्यासाठी एक अट आहे. बाटली सर्वांची असली पाहिजे. जर्मनीत बिअरचा मोठा भाग आजही पुनर्भरणाच्या बाटल्यांतून विकला जातो, आणि त्याचे एक कारण असे, की अनेक कारखान्यांनी एकाच आकाराची बाटली वापरण्याची पद्धत पाडली. तुमची बाटली माझ्या कारखान्यात भरता येते, माझी तुमच्या. धुतलेल्या बाटलीवर फक्त कागद बदलायचा. भारतातील तपकिरी बाटलीची साखळीही याच तत्त्वावर चालत आली. तिला तडा गेला तो मोठ्या कंपन्यांनी काचेवरच आपले नाव उठवायला सुरुवात केल्यावर. एका कंपनीच्या नावाची बाटली दुसऱ्याने भरावी की नाही यावरून खटले झाले. या कृतीमागे नकली मालाला आळा घालण्याचा हेतू असेलही. पण तिचा परिणाम असा, की जी बाटली सामाईक होती ती खासगी झाली, लहान कारखानदाराला जुन्या बाटल्या मिळणे अवघड झाले, आणि भंगारवाल्याला प्रत्येक नावाची रास वेगळी लावण्याचे काम वाढले. गावचे गायरान कुंपण घालून एकाने बळकवावे, त्यातलाच हा प्रकार आहे. फरक एवढाच, की हे गायरान काचेचे आहे.

याच ओघात वेष्टनाच्या इतर प्रकारांकडेही पाहिले पाहिजे. द्राक्षमद्याच्या धंद्यात बाटली जितकी जड तितका माल उंची, असा एक समज रूढ आहे. हा समज किती पोकळ आहे हे त्या धंद्यालाच कळू लागले आहे. २०२३ मध्ये काही देशांतील विक्रेत्यांनी एकत्र येऊन ७५० मिलिलिटरच्या बाटलीचे सरासरी वजन ५५० ग्रॅमवरून २०२६ अखेर ४२० ग्रॅमच्या खाली आणण्याचा संकल्प केला. पेय तेच, काच शंभराहून अधिक ग्रॅमने कमी. २००१ च्या धोरणानंतर नाशिक परिसरात वाढलेल्या द्राक्षमद्याच्या कारखान्यांना हा धडा लागू आहे. तसेच बाटलीभोवतीच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचे. ते खोके दुकानातून घरी जाईपर्यंतच जगते. २०२२ मध्ये पर्नो रिकार इंडिया या कंपनीने नेहमीची खोकी बंद करण्याची घोषणा केली. घोषणा स्वागतार्ह आहे. पण जेथे खर्च वाचतो तेथे कंपन्या स्वेच्छेने पर्यावरणवादी होतात आणि जेथे खर्च वाढतो तेथे त्यांना कायद्याची वाट पाहावी लागते, हेही नोंदवून ठेवावे. कर्नाटकात स्वस्त दारू कागदी पाकिटांतून विकली जाते. त्या पाकिटात कागद, प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. वेचणाऱ्याच्या दृष्टीने असे पाकीट काचेपेक्षाही वाईट, कारण ते वेगळे करणे अवघड आणि त्याला भावही येत नाही. गरिबाच्या हाती देण्याची दारू स्वस्त व्हावी म्हणून तिचे वेष्टन असे निवडायचे, की जे त्याच्याच वस्तीच्या गटारात अडकून राहील, ही या व्यवस्थेची तऱ्हा आहे.

महाराष्ट्रात काय करता येईल? येथे तामिळनाडूसारखी सरकारी दुकाने नाहीत, ही सबब पुढे केली जाईल. ती टिकणारी नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली दारूचा प्रत्येक थेंब शासनाच्या परवान्याने बनतो, वाहिला जातो आणि विकला जातो. जून २०२५ मध्ये शासनाने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा वर्ग निर्माण केला आणि १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत काय असावी हेही ठरवले. जे शासन महसुलासाठी बाटलीची किंमत ठरवू शकते, ते बाटली परत घेण्याची अट परवान्यात घालू शकत नाही, हे कोण मान्य करील? प्रश्न अधिकाराचा नाही, इच्छेचा आहे. २०१८ मधील प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत बाटल्यांच्या पुनर्खरेदीची तरतूद होती. ती लोकांच्या अनुभवास फारशी आली नाही, हे विसरता येणार नाही. अमलात आणणारी यंत्रणा आणि पाठपुरावा करणारी संघटना यांवाचून अधिसूचना हा केवळ छापील कागद राहतो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने कागद, काच आणि धातू यांच्या वेष्टनांबाबत उत्पादकाची जबाबदारी ठरवणाऱ्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. ही दिशा योग्य आहे, पण प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीने जबाबदारी पार पाडल्याचे दाखवण्याची पळवाट अशा नियमांतून निघू शकते. म्हणून आग्रह प्रत्यक्ष परत आलेल्या आणि पुन्हा भरलेल्या बाटलीचा असला पाहिजे.

मागण्या पाच आहेत आणि त्या स्पष्ट शब्दांत मांडाव्यात. पहिली, मद्याच्या प्रत्येक बाटलीवर, मग ती देशीची असो वा विदेशी बनावटीची, परत मिळणारी ठेव असावी आणि परतावा राज्यातील कोणत्याही परवानाधारक दुकानात मिळावा. दुसरी, बिअर आणि देशी दारूसाठी प्रमाणित आकाराची, नाव न कोरलेली सामाईक बाटली ठरवून द्यावी. तिसरी, बाटल्या गोळा करण्याच्या व धुण्याच्या कामात कचरावेचकांच्या सहकारी संस्थांना प्रथम स्थान द्यावे. चौथी, दुकानातील आणि गोदामातील कामगाराला या कामाचा स्वतंत्र मोबदला, हातमोजे, पुरेशी जागा व इजा झाल्यास भरपाई मिळावी. हा सर्व खर्च उत्पादकाकडून घ्यावा.

पाचवी मागणी परत न आलेल्या बाटल्यांच्या पैशाविषयी आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची. समजा एका दुकानात दिवसाला १००० बाटल्या विकल्या जातात आणि त्यांपैकी ८०० परत येतात. ठेव १० रुपये असेल तर दिवसाला २००० रुपये कोणाकडे तरी शिल्लक राहतात. ३०० दिवसांत ही रक्कम ६ लाख होते, आणि ती एकाच दुकानाची. ती कोणाची? उत्पादकाकडे ठेवली तर बाटली परत न येण्यातच त्याचा लाभ, म्हणजे योजनेच्या मुळावरच घाव. शासनाच्या सर्वसाधारण तिजोरीत गेली तर ती आणखी एक मद्यकर ठरेल. अमेरिकेतील मिशिगन राज्यात अशा रकमेचा ७५ टक्के भाग प्रदूषित जागांच्या शुद्धीकरणासाठी आणि २५ टक्के दुकानदारांसाठी ठेवला आहे. महाराष्ट्रात तिचा स्वतंत्र निधी व्हावा, त्याच्या व्यवस्थापनात कचरावेचकांचे, दुकान-कामगारांचे आणि दारूविरोधी लढ्यातील स्त्रियांचे प्रतिनिधी असावेत आणि व्यसनमुक्ती व वेचणाऱ्यांचे आरोग्य यांवर तो खर्च व्हावा.

असा निधी ही या भूमीला अपरिचित कल्पना नाही. स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. लोकांच्या एकेका पैशातून महाराष्ट्रात काच बनवली गेली. आज तीच काच लोकांच्या पायाखाली पसरली आहे, आणि ती उचलण्यासाठी पुन्हा एकेका बाटलीमागचे पैसेच कामी येणार आहेत. त्या वेळी पैसा लोकांनी स्वेच्छेने दिला. आता तो उत्पादकाकडून कायद्याने घ्यावा लागेल, आणि म्हणून संघटना हवी.

कामाची सुरुवात लहान ठेवता येईल. प्रत्येक तालुका शाखेने एक आठवडा आपल्या गावातील एक ओढा, एक बाजारतळ आणि एक शाळेचे मैदान निवडून तेथील रिकाम्या बाटल्या मोजाव्यात. आकार, प्रकार, काचेवरचे नाव अशी नोंद ठेवावी. भंगारवाल्याला आणि वेचणाऱ्या बायांना बरोबर घ्यावे, कारण या विषयातले खरे जाणकार तेच आहेत. कोणत्या बाटलीला भाव येतो, कोणत्या बाटलीला येत नाही आणि का, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. ही नोंद घेऊन ग्रामसभेत, नगरपालिकेत आणि जिल्ह्याच्या उत्पादनशुल्क अधीक्षकाकडे जावे. मोजलेल्या बाटल्यांपुढे स्वच्छतेचा उपदेश टिकत नाही.

दारूचे दुकान बंद पाडण्यासाठी ज्या स्त्रिया मतदानाच्या रांगेत उभ्या राहिल्या, त्यांतील कित्येकींना दुसऱ्या दिवशी त्याच दुकानामागच्या काचा झाडाव्या लागल्या असतील. आडव्या बाटलीचा त्यांचा लढा चालू राहीलच, आणि तो त्या जिंकतीलही. परंतु तोवर रिकामी बाटली त्यांच्या दारात टाकून निघून जाण्याचा हक्क कोणत्याही कंपनीला नाही. ज्याने ती भरली, त्यानेच ती परत न्यावी.